टाळूवरचा जांभळा डाग

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटे टिपण आले. लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. पाचही जण समलिंगी, वय २९ ते ३६, तोवर धडधाकट. टिपण छापून येईपर्यंत त्यातले दोघे दगावले होते. एड्सचा लिखित इतिहास इथून सुरू होतो आणि तो सांगताना सगळ्यांचे लक्ष फुप्फुसांकडे जाते. पण त्याच टिपणात आणखी एक नोंद आहे. पाचही जणांच्या शरीरातल्या ओलसर अस्तरावर कॅन्डिडा नावाची बुरशी वाढली होती. ही बुरशी बहुधा आधी दिसते ती तोंडात, जिभेवर आणि टाळूवर. तान्ह्या मुलांना किंवा फार खंगलेल्या म्हाताऱ्यांना होणारा हा त्रास तिशीतल्या माणसाला का व्हावा?

या प्रश्नाला उत्तर मिळायच्या आत, ३ जुलैला, त्याच साप्ताहिकात २६ जणांची दुसरी हकीकत आली. २० न्यूयॉर्कचे, ६ कॅलिफोर्नियाचे, सरासरी वय ३९. बहुतेकांच्या कातडीवर किंवा तोंडाच्या आत गडद निळे, जांभळट चट्टे आणि गाठी उठल्या होत्या. निदान निघाले कपोसी सार्कोमाचे, आणि त्या निदानाने डॉक्टर चक्रावले. अमेरिकेत हा कर्करोग वर्षाला लाखात एकालाही होत नसे. ज्यांना होई ते उतारवयातले पुरुष असत, चट्टे पायांवर असत आणि ते इतक्या सावकाश वाढत की रुग्ण बहुधा दुसऱ्याच कशाने तरी जाई. इथे मात्र २६ पैकी ८ जण निदानानंतर दोन वर्षांच्या आत गेले होते.

या दोन टिपणांनंतरच्या चाळीस वर्षांत एचआयव्हीबाधित माणसांच्या तोंडात, घशात आणि मानेत दिसणारे कर्करोग बदलत गेले. आधी कपोसीचे जांभळे डाग, सोबतीला मानेतल्या आणि जबड्यातल्या गाठींचे लिम्फोमा (लसिकापेशींचे कर्करोग), आणि औषधे आल्यावर आपल्याकडच्या प्रत्येक तालुक्याला माहीत असलेला गालाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग. एचआयव्ही स्वतः यातला एकही कर्करोग थेट घडवत नाही. तो शरीराचा पहारा उठवतो, आणि जे आधीपासून आत मुक्कामाला असते ते डोके वर काढते. हे समजायला पंधराएक वर्षे गेली, आणि समजल्यावरही उपचार सगळ्यांपर्यंत सारखे पोहोचले नाहीत.

कपोसी हे नाव व्हिएन्नातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाचे. हंगेरीतल्या कपोश्वार गावी जन्मलेल्या मोरित्स कोन यांनी पुढे गावावरून कपोसी हे आडनाव घेतले. १८७२ साली त्यांनी पाच रुग्णांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या आणि कातडीवर अनेक ठिकाणी उठणारा हा रंगीत सार्कोमा वेगळा रोग आहे असे मांडले. पुढची कित्येक दशके तो भूमध्य समुद्राकाठच्या आणि पूर्व युरोपातल्या वृद्धांचा रोग मानला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर युगांडा, कांगो या पट्ट्यात तो मुबलक आढळतो हे ध्यानात आले. मग मूत्रपिंडाचे रोपण सुरू झाले. रोपण टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात, आणि अशा काही रुग्णांत कपोसीचे चट्टे उमटले. औषध कमी केले की कधीकधी ते चट्टे आपोआप ओसरत. प्रतिकारशक्ती खचली की हा कर्करोग फोफावतो, ती सावरली की मागे हटतो, हा धडा १९८१ च्या आधीच वैद्यकाच्या पदरात पडला होता.

दुसरा धागा जबड्याचा. १९५७ साली कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाला सहकाऱ्याने एक लहान मुलगा दाखवायला बोलावले. मुलाच्या जबड्याच्या चारही कोपऱ्यांना गाठी होत्या. थोड्याच दिवसांनी जिंजा गावात त्याला तसेच दुसरे मूल दिसले. बर्किटने जुने कागद धुंडाळले, आणि १९६१ साली दोन मित्रांसह मोटारीने पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या भागात सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास केला. त्याने गावोगावच्या दवाखान्यांत चौकशी केली आणि या गाठी कुठे होतात, कुठे नाहीत याचा नकाशा तयार केला. त्याच वर्षी लंडनमधल्या त्याच्या व्याख्यानाला अँथनी एप्स्टाइन नावाचा संशोधक येऊन बसला होता. कंपालाहून विमानाने आलेल्या गाठींच्या तुकड्यांवर एप्स्टाइन आणि त्याचे सहकारी बार व आचोंग यांनी काम केले आणि १९६४ साली त्या पेशींत एक नवा विषाणू दाखवून दिला. माणसात कर्करोगाशी नाते असलेला हा पहिला विषाणू, आणि तो सापडला मुलांच्या जबड्यातल्या गाठीमुळे. पुढे कळले की एप्स्टाइन-बार विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, लाळेतून पसरतो आणि जन्मभर निपचित पडून राहतो.

युगांडातल्या कर्करोग संस्थेचे पहिले संचालक जॉन झिग्लर हे तरुण अमेरिकन डॉक्टर होते. बर्किटच्या गाठी त्यांनी तिथे जवळून पाहिल्या होत्या. अमेरिकेत परतून ते सॅन फ्रान्सिस्कोत काम करू लागले, आणि १९८२ साली त्यांच्यासमोर चार समलिंगी पुरुषांचे लिम्फोमा आले. गाठीची जात बर्किटच्या गाठीशी मिळतीजुळती होती. कंपालातल्या मुलांचा आजार कॅलिफोर्नियातल्या प्रौढांत उमटावा हे ओळखायला दोन्ही जागी काम केलेला माणूसच हवा होता. सप्टेंबर १९८२ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. दोनच वर्षांनी अशा ९० रुग्णांची माहिती त्यांनी सहकाऱ्यांसह मांडली आणि १९८५ मध्ये लिम्फोमा एड्सच्या व्याख्येत दाखल झाला.

सॅन फ्रान्सिस्कोचे जनरल हॉस्पिटल या कथेचे एक मुख्य ठिकाण आहे. पॉल व्होल्बर्डिंग १ जुलै १९८१ रोजी तिथल्या कर्करोग विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी कपोसीचा एक तरुण रुग्ण पाहिला. त्याच शहरात मार्कस कोनंट या त्वचारोगतज्ज्ञाने विद्यापीठात कपोसीसाठी स्वतंत्र दवाखाना उघडला. बॉबी कॅम्पबेल हा परिचारक आपल्या पायांवरच्या चट्ट्यांचे फोटो घेऊन कॅस्ट्रो वस्तीतल्या एका औषधाच्या दुकानात गेला आणि दुकानाच्या काचेत ते लावले. असे डाग दिसले तर डॉक्टरकडे जा, असा त्याचा निरोप होता. रोगाला अजून नीट नावही नव्हते, तेव्हा एका रुग्णाने स्वतःच्या शरीराचे असे पोस्टर केले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. एड्सच्या इतिहासात त्याचे नाव संशोधकांच्या रांगेत घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते.

पायावरचा डाग मोजा घालून लपतो, चेहऱ्यावरचा लपत नाही. कपोसीच्या चट्ट्यांना नाक, पापण्या, कान, कपाळ या जागा आवडत्या. तोंडात ते टाळूवर आणि हिरड्यांवर येत, आधी सपाट आणि जांभळे, मग फुगीर. खाताना रक्त येई, दात हलत, घास गिळता येत नसे. १९९३ साली आलेल्या ‘फिलाडेल्फिया’ या चित्रपटात टॉम हँक्सने रंगवलेल्या वकिलाची नोकरी जाते, त्याची सुरुवात त्याच्या कपाळावरचा असाच एक डाग वरिष्ठाच्या नजरेस पडण्यापासून होते. त्या काळातल्या असंख्य माणसांचे हे खरे आयुष्य होते. डाग झाकायला रंगप्रसाधन वापरले जाई, काही ठिकाणी किरणोपचार होई. पण तोंडातल्या डागांवर किरण दिले की मात्रा कमी असूनही तोंडाचे सगळे अस्तर सोलवटून निघे. इतर रुग्णांना सोसणारी मात्रा या रुग्णांना का सोसत नाही, हे कोडे डॉक्टरांनी आधी अनुभवले आणि मग मात्रा आणखी उतरवली.

याच सुमारास झांबियात, लुसाकाच्या विद्यापीठ रुग्णालयात, ॲन बेली ही ब्रिटिश शल्यचिकित्सक अस्वस्थ होती. कपोसीचे रुग्ण ती अनेक वर्षे पाहत आली होती. पायावर संथ वाढणाऱ्या, औषधाला दाद देणाऱ्या गाठी तिच्या ओळखीच्या होत्या. १९८३ मध्ये आलेल्या काही रुग्णांचा आजार निराळा निघाला. गाठी लसिकाग्रंथींत आणि तोंडात होत्या, औषधाने हटत नव्हत्या, आणि माणसे भराभर खंगत होती. तिने १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की झांबियात कपोसीचा एक आक्रमक प्रकार आला आहे. रुग्णांमध्ये समलिंगी संबंधांचा प्रश्न नव्हता. ते साधे संसारी लोक होते. एड्स हा ठरावीक पुरुषांपुरताच आजार आहे हा समज मोडून काढणाऱ्या पहिल्या पुराव्यांत लुसाकातल्या या शस्त्रक्रिया-विभागाच्या नोंदी येतात.

रोगाच्या मुळाशी असलेला विषाणू तोवर पॅरिसमध्ये हाती लागला होता, आणि तोही मानेतूनच. १९८३ च्या जानेवारीत मानेतल्या सुजलेल्या ग्रंथीचा एक तुकडा काढून पाश्चर संस्थेत आणला गेला. फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने त्या तुकड्यातल्या पेशींतून नवा विषाणू वेगळा केला. १९८५ मध्ये रक्ताची तपासणी उपलब्ध झाली. त्याआधी मात्र निदानात डॉक्टरांना बोटांचा आणि डोळ्यांचाच मोठा आधार होता. मानेतल्या गाठी चाचपायच्या आणि तोंडात पाहायचे.

तोंडात नीट पाहणाऱ्यांत सॅन फ्रान्सिस्कोचे ग्रीनस्पॅन दांपत्य आघाडीवर होते. जॉन आणि डेबोरा ग्रीनस्पॅन हे दोघे दंतवैद्यकातले संशोधक. जिभेच्या कडांवर उभ्या रेघोट्यांसारखे, पुसून न निघणारे पांढरे चट्टे त्यांना काही रुग्णांत दिसले. कर्करोगाच्या आधी येणारे पांढरे चट्टे दंतवैद्यांना ठाऊक असतात, हे त्यातले नव्हते. १९८४ मध्ये त्यांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि वर्षभरातच त्या चट्ट्यांत एप्स्टाइन-बार विषाणू जोमाने वाढत असल्याचे दाखवले. चट्टा स्वतः निरुपद्रवी होता, पण तो ज्याच्या जिभेवर दिसला त्याचा एड्स लवकर बळावे. प्रयोगशाळा लागत नाही, सुई लागत नाही, जीभ बाहेर काढायला सांगितली की पुढचा धोका कळतो, एवढी साधी ही खूण होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुसंख्य दंतवैद्य हातमोजे घालत नसत. हातमोजे आणि मुखपट्टी हा नेम या साथीनेच घालून दिला, आणि त्यासोबत भीतीही आली. अनेक दवाखान्यांनी अशा रुग्णांना दार बंद केले. ज्यांच्या तोंडात सर्वांत आधी खुणा उमटत होत्या त्यांचे तोंड पाहायला नकार मिळत होता.

एचआयव्ही सापडला तरी कपोसीचे कोडे सुटले नव्हते. रोगनियंत्रण केंद्राकडे जमलेल्या ९० हजारांहून अधिक एड्सरुग्णांची माहिती घेऊन व्हॅलरी बेरल आणि सहकाऱ्यांनी १९९० साली एक हिशेब मांडला. समलिंगी पुरुषांतल्या सुमारे २१ टक्क्यांना कपोसी झाला होता. रक्तघटकांतून एचआयव्ही मिळालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांत हे प्रमाण १ टक्का होते. एचआयव्ही दोघांत तोच, प्रतिकारशक्ती दोघांची तशीच खचलेली. मग फरक का? बेरल यांनी निष्कर्ष काढला की कपोसीमागे एक दुसराच जंतू असावा, आणि तो मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरत असावा. सूक्ष्मदर्शक न उघडता, फक्त आकड्यांच्या बळावर केलेले हे अनुमान मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे काम वाटते.

चार वर्षांनी ते खरे ठरले. कोलंबिया विद्यापीठात युआन चँग आणि पॅट्रिक मूर या पतिपत्नींनी एकाच रुग्णाच्या रोगट आणि निरोगी ऊतींतला डीएनए समोरासमोर ठेवला, दोन्हींत सारखे असलेले सगळे वजा करत नेले आणि उरलेल्या शिल्लकीत परके तुकडे पकडले. एड्समधल्या कपोसीच्या २७ नमुन्यांपैकी २५ मध्ये ते तुकडे होते. डिसेंबर १९९४ च्या ‘सायन्स’मध्ये जाहीर झालेला हा विषाणू नागिणीच्या विषाणूच्या कुळातला, एप्स्टाइन-बारचा भाऊबंद निघाला. त्याला आज मानवी हर्पीस विषाणू-८ म्हणतात. पुढच्या अभ्यासांत तो लाळेत मुबलक सापडला. १८७२ मध्ये व्हिएन्नात पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या रोगामागेही तोच होता. लिम्फोमाची यादीही लांबत गेली: १९९७ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी तोंडातल्या एका वेगळ्याच लिम्फोमाचे १६ रुग्ण नोंदवले, त्यातले १५ एचआयव्हीबाधित होते.

तोवर काळ पालटला होता. जुलै १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधे एकत्र देण्याचे निकाल जाहीर झाले. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली जात होता. अमेरिकेत एड्सने होणारे मृत्यू एका वर्षात जवळपास निम्म्यावर आले. आणि टाळूवरचे जांभळे डाग, ज्यांवर किरण, इंटरफेरॉन, नाना औषधे वापरून झाली होती, ते कित्येकांच्या तोंडातून नुसत्या एचआयव्हीच्या औषधांनी ओसरले. मूत्रपिंड-रोपणाच्या रुग्णांनी दिलेला जुना धडा इथे लाखो माणसांच्या बाबतीत खरा ठरला. ज्या देशांत औषधे पोहोचली तिथे नव्या डॉक्टरांना तोंडातला कपोसी पुस्तकातच पाहायला मिळू लागला. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत मात्र तो पुढेही पुष्कळ वर्षे माणसे मारत राहिला, कारण औषधाची किंमत तिथल्या माणसाच्या आवाक्याबाहेर होती.

माणसे जगली म्हणून वयस्क झाली, आणि वयाबरोबर येणारे कर्करोग आले. अमेरिकेतल्या नोंदींनुसार एड्सच्या व्याख्येबाहेरच्या कर्करोगांची एड्सरुग्णांतली संख्या १९९१-९५ पेक्षा २००१-०५ मध्ये तिप्पट झाली. यात वाढत्या वयाचा वाटा मोठा होता. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे एक कारण उघड होते: अमेरिकेत २००९ साली एचआयव्हीबाधितांतले सुमारे ४२ टक्के लोक सिगारेट ओढत, सर्वसाधारण प्रौढांत हे प्रमाण जवळपास निम्मे होते. मग सगळा दोष तंबाखूचा म्हणायचा का? २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ग्रुलिक यांच्या गटाने चार लाखांहून अधिक एचआयव्हीबाधितांची माहिती अवयवरोपण झालेल्या सुमारे ३२ हजार जणांच्या माहितीशेजारी ठेवली. दोन्ही गटांची राहणी वेगळी, साम्य एकच: दबलेली प्रतिकारशक्ती. तपासलेल्या २८ कर्करोगांपैकी २० दोन्हींत वाढलेले निघाले, आणि तोंड व घसा त्यांत होते. वाढलेल्या कर्करोगांपैकी बहुतेकांमागे कुठला ना कुठला जंतू होता.

घशाच्या बाबतीत तो जंतू बव्हंशी मानवी पॅपिलोमा विषाणू, एचपीव्ही. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधला होता. २००० साली मॉरा गिलिसन यांनी अमेरिकेतल्या २५३ डोके-मान कर्करोगांची तपासणी केली, त्यांतल्या चौथाईत एचपीव्ही होता, आणि तो मुख्यतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी. एचआयव्हीबाधितांच्या तोंडात हा विषाणू अधिक आढळतो आणि अधिक काळ टिकून राहतो, कारण त्याला हुसकावणाऱ्या पेशीच कमी पडतात. २००८ चे वैद्यकाचे नोबेल अर्धे हाउझेन यांना आणि अर्धे बारे-सिनुसी व माँतान्ये यांना विभागून मिळाले. स्टॉकहोमच्या एकाच मंचावर गौरवलेले हे दोन शोध ज्यांच्या घशात एकत्र नांदत होते, त्या रुग्णांची गणती तेव्हा नुकती कुठे सुरू झाली होती.

आपल्याकडे या कथेने वेगळे वळण घेतले. १९८६ मध्ये चेन्नईत सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातला एचआयव्ही प्रथम दाखवून दिला. लवकरच मुंबई आणि महाराष्ट्र सर्वाधिक बाधित भागांत गणले जाऊ लागले. तोंडाचा कर्करोग मात्र इथे आधीपासून ठाण मांडून होता. टाटा रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते स्वातंत्र्याच्या आधीपासून अभ्यासले होते. चुना-तंबाखू, मिश्री, पान, पुढे गुटखा आणि मावा. गालात घास धरून ठेवायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. सांगायचे म्हणजे, अमेरिकेत एचआयव्हीमुळे तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न नव्याने उभा राहिला, तर इथे एचआयव्ही त्या जुन्या प्रश्नाच्या घरात शिरला.

टाटा रुग्णालयात २००१ ते २००५ या काळात आलेल्या २५१ एचआयव्हीबाधित कर्करुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लिम्फोमा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग अपेक्षेप्रमाणे ठळक होते, आणि डोके-मानेतल्या काही जागांचे कर्करोगही पुरुषांत अधिक दिसले. कपोसी मात्र एकही नव्हता. तो भारतात विरळाच आढळतो, कारण त्याच्यामागचा हर्पीस विषाणू-८ आपल्या लोकांत कमी पसरला आहे. ज्या डागाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या आणि लुसाकातल्या डॉक्टरांना सावध केले तो इशारा इथल्या डॉक्टरांना जवळजवळ मिळालाच नाही. इथे एचआयव्हीबाधिताच्या गालातला व्रण इतर कोणाच्याही गालातल्या व्रणासारखाच दिसतो, आणि म्हणून त्यामागचा एचआयव्ही शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत अचानक समोर येतो.

औषधांच्या बाबतीत मुंबईने जगाला मोठा हात दिला. तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरहून अधिक असताना, फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषधकंपनीचे युसुफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला ती वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. आफ्रिकेत औषध पोहोचले त्यात या किमतीचा वाटा निर्विवाद आहे. भारत सरकारची मोफत औषधयोजना १ एप्रिल २००४ पासून निवडक रुग्णालयांत सुरू झाली, त्यात मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पुढे एचआयव्ही दवाखान्यांच्या नोंदी कर्करोगाच्या नोंदवहीशी जुळवून पाहिल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामाने एचआयव्हीबाधितांवरचा कर्करोगाचा बोजा बराच मोठा असल्याचे दाखवले. अशी जुळणी अमेरिकेत वर्षानुवर्षे चालते. आपल्याकडे ती राज्यभर आणि कायमची व्हायला हवी.

निदान झाल्यावरचा रस्ताही सरळ नव्हता. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या नोंदी तपासताना गीता सुनेजा यांच्या गटाला आढळले की एचआयव्हीबाधित कर्करुग्णांना उपचारच न मिळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते. यामागे कित्येकदा जुनी भीती होती: १९८० च्या दशकात किरणांनी सोलवटलेली तोंडे डॉक्टरांच्या आठवणीत होती. पण ज्याचा विषाणू औषधाने काबूत आहे, ज्याच्या प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी सावरल्या आहेत, त्याला शस्त्रक्रिया, किरण आणि केमो ही नेहमीची वाट देता येते. काळजी लागते ती औषधांच्या एकमेकांवरच्या परिणामांची. सिसप्लॅटिन आणि टेनोफोविर दोन्ही मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, झिडोव्हुडिनने रक्त उतरते; म्हणून कर्करोगाच्या आणि एचआयव्हीच्या डॉक्टरांनी एकत्र बसून औषधे ठरवावी लागतात. कर्करोगाच्या नव्या औषधांच्या चाचण्यांतून एचआयव्हीबाधितांना सरसकट वगळण्याची प्रथा होती. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती सोडावी असे सुचवले. त्याच साली भारताच्या संसदेने कायदा केला की एचआयव्हीमुळे कोणाला आरोग्यसेवा नाकारणे हा भेदभाव आहे. सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आहे. मानेच्या शस्त्रक्रियेची तारीख रक्ताचा अहवाल आल्यावर पुढे पुढे ढकलली जाते, असे रुग्ण आजही सांगतात. कायद्याचे बळ त्यांच्या पाठीशी आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि हे मला फार लागते.

प्रतिबंधाची आशा दोन ठिकाणी आहे. एचपीव्हीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका एचपीव्ही लशीला २०२० मध्ये घशाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठीही मान्यता दिली आहे. जागतिक आरोग्य संघटना एचआयव्हीबाधितांना शक्य असेल तर तीन मात्रा द्याव्यात असे सांगते. पण ही लस लहानपणी घेतली तर खरी उपयोगाची. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बाधितांसाठी तिचा काळ बहुधा निघून गेला आहे. टॉन्सिलच्या खोल खाचांत वाढणारा कर्करोग लवकर पकडण्याची, गर्भाशयमुखासाठी असते तशी, चाचणीही अजून नाही.

गालाची आणि जिभेची गोष्ट वेगळी. तिरुवनंतपुरममध्ये जवळपास दोन लाख लोकांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांचे तोंड ठरावीक काळाने नुसते डोळ्यांनी तपासल्यावर त्यांच्यातले तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या आपल्या एआरटी केंद्रांत माणूस ठरावीक मुदतीने गोळ्या घ्यायला येतच असतो. त्याचे वजन घेतले जाते, खोकला-ताप विचारून क्षयाची चौकशी होते. त्याच वेळी तंबाखू विचारून, तोंड उघडायला लावून, टॉर्चच्या उजेडात दोन्ही गाल, जिभेच्या कडा, टाळू पाहायला आणि मान चाचपायला थोडीच मिनिटे लागतील. केरळमध्ये हे काम करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. आपल्या एआरटी केंद्रांत समुपदेशक आणि परिचारिका आजही हजर आहेत.